‘गो ऑफ’: अलार्म वाजला की बंद पडला?

रत्नागिरीतल्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात रात्रपाळीला सुपरवायझर असलेल्या तरुणाचा हा प्रश्न आहे. कोल्ड स्टोरेजच्या यंत्रणेबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तिकेतल्या सूचना मराठीत करून भिंतीवर लावायचं काम त्याच्याकडे आलंय. एकाच पानावर तीन वाक्यं आहेत. ‘इफ द अमोनिया अलार्म गोज ऑफ, लीव्ह द रूम ॲट वन्स.’ ‘इफ द पॉवर गोज ऑफ, कीप द डोअर्स शट.’ ‘थ्रो अवे एनी फिश दॅट हॅज गॉन ऑफ.’ सोबतच्या एका सहकाऱ्याने पहिल्या वाक्याचं मराठी ‘अमोनियाचा अलार्म बंद पडला तर लगेच खोलीबाहेर पडा’ असं केलं, कारण ऑफ म्हणजे बंद. ह्याला ते पटत नाही, पण चूक कुठे आहे ते सांगता येत नाही. तिसऱ्या वाक्यात तर ‘बंद’ बसतच नाही. एकाच क्रियापदाचे तीन अर्थ कसे, आणि कुठे कोणता ते ओळखायचं कसं, असं तो विचारतोय.

आधी उत्तर. पहिलं वाक्य: अमोनियाचा अलार्म वाजू लागला तर ताबडतोब खोलीबाहेर पडा. दुसरं: वीज गेली तर दारं बंदच ठेवा. तिसरं: खराब झालेली मासळी टाकून द्या. सहकाऱ्याचं भाषांतर भिंतीवर लागलं असेल तर आजच काढा, बाकीचं नंतर वाचा.

घाई करायला सांगतोय त्याला कारण आहे. अमोनिया अजूनही बऱ्याच बर्फ कारखान्यांत आणि मोठ्या शीतगृहांत थंडाव्यासाठी वापरतात. तो गळला की आधी डोळे आणि घसा धरतो, प्रमाण वाढलं तर फुप्फुसांना इजा होते, माणूस दगावूही शकतो. आता रात्री दोन वाजता त्या पाटीकडे बघणारा कामगार डोळ्यांसमोर आणा. डोक्यावर भोंगा कोकलतोय आणि पाटी सांगतेय, ‘बंद पडला तर बाहेर पडा’. भोंगा चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं समजून तो आतच काम करत राहील.

मी रत्नागिरीत आयटीआयच्या आणि जहाजावर जाणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवतो. ‘गो ऑफ’शी दरवर्षी नव्या मुलांची हीच गाठ पडते. मुलं हुशार असतात, शब्द पाठ असतात, पण ‘ऑफ’ त्यांना पहिल्यांदा भेटलेला असतो तो भिंतीवरच्या बटणावर. शाळेत जायच्या आधीच पंख्याचं आणि टीव्हीचं ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ डोक्यात पक्कं बसतं. मग पुढे जिथे ‘ऑफ’ दिसेल तिथे ‘बंद’ हाच अर्थ आधी पुढे येतो. खरं तर बटणावरचा तो अर्थ ‘ऑफ’चा मूळ अर्थ नव्हेच, तो बराच नंतर आला.

इंग्रजीतले ‘ऑफ’ आणि ‘अव्ह’ (एकाच ‘एफ’चा), म्हणजे मराठीतल्या ‘चा-ची-चे’चं काम करणारा तो छोटा शब्द, हे दोन्ही जुन्या इंग्रजीत एकच होते. जोर देऊन उच्चारलं जाणारं रूप वेगळं पडत गेलं आणि सतराव्या शतकापर्यंत दोघांची वाटणी झाली. त्या जोरदार रूपाचा गाभा आहे ‘पासून दूर’, ‘सुटून’. हा अर्थ आपल्या किनाऱ्यावर रोज दिसतो. इंग्रजी पेपरात बातमी येते, ‘अ बोट कॅप्साइज्ड ऑफ हर्णै’. बोट हर्णैच्या किनाऱ्यावर उलटली असं त्यात म्हटलेलं नसतं. हर्णैसमोरच्या समुद्रात, किनाऱ्यापासून थोडी दूर उलटली, असा त्याचा अर्थ. किनारा सुटलाय पण नजरेच्या टप्प्यात आहे. ‘ऑफ’ शिकवायची वेळ आली की मी हीच बातमी घेतो, कारण इथल्या मुलांना बंदरातून सुटलेली होडी कुठे असते हे समजावून सांगावं लागत नाही.

आता ह्या ‘सुटण्या’ला ‘जाणं’ जोडा. ‘गो ऑफ’ म्हणजे काहीतरी, कशापासून तरी, सुटून गेलं. काय सुटलं ते त्या वस्तूवर अवलंबून आहे, आणि सगळे अर्थ तिथूनच फुटतात.

बंदूक घ्या. आत दारू भरलेली, घोडा ओढून अडकवलेला. घोडा सुटला, बार उडाला. इंग्रजीत ‘द गन वेंट ऑफ’. मराठीतही आपण ‘गोळी सुटली’ असंच म्हणतो, ‘गोळी चालू झाली’ म्हणत नाही. हा अर्थ विजेच्या दिव्यापेक्षा कितीतरी जुना आहे. मग किल्लीचं गजराचं घड्याळ आलं. त्यात गजराची वेगळी स्प्रिंग ताणून ठेवलेली असते आणि एक कळ तिला अडवून धरते. ठरलेल्या वेळेला कळ बाजूला होते, स्प्रिंग सुटते आणि हातोडी घंटेवर आपटत राहते. गजर ‘सुटला’ म्हणजेच वाजला. आजच्या अलार्ममध्ये स्प्रिंग नाही, सेन्सर आणि सर्किट आहे, पण बोलणं तेच राहिलंय: ‘द अलार्म वेंट ऑफ’. बॉम्ब, फटाका, सुरुंग, कॅमेऱ्याचा फ्लॅश, गाडीतली एअरबॅग, आगीवर पाणी मारणारे छतातले फवारे, स्वयंपाकघरातला टायमर, सगळे ‘गो ऑफ’ होतात तेव्हा आपलं काम करून दाखवतात. दिवाळीत सुतळी बॉम्ब पेटवला, वात जळली आणि आवाजच झाला नाही, तर ‘इट डिडन्ट गो ऑफ’. म्हणजे फुसका निघाला, फुटलाच नाही.

दिवा, पंखा, एसी, पाणी तापवायचा हीटर, घरातली वीज ह्यांचं उलट. ही मंडळी एरवी चालूच असतात. त्यांच्या हातून सुटतं ते त्यांचं चालू असणं. म्हणून ‘द पॉवर वेंट ऑफ’ म्हणजे वीज गेली.

ओळखायची खूण इथेच आहे. ती वस्तू एरवी काय करत बसलेली असते, हे स्वतःला विचारा. गप्प राहून एका क्षणाची वाट बघत असेल, तर ‘गो ऑफ’ म्हणजे तो क्षण आला: वाजली, फुटली, उडाली. सतत चालत असेल, तर ‘गो ऑफ’ म्हणजे थांबली. अलार्म महिनोन्महिने गप्प बसतो, वीज चोवीस तास चालू असते किंवा असायला हवी. त्यामुळे तुमच्या पानावरच्या पहिल्या दोन वाक्यांत शब्द तेच आणि अर्थ एकमेकांच्या विरुद्ध.

ही खूण दहातल्या नऊ ठिकाणी चालते. जिथे अडते त्या दोन जागा नीट बघून ठेवा, कारण एक तुमच्या पॅनलवरच आहे. अलार्मच्या पॅनलवर साधारण भोंगा आणि लाल दिवा दोन्ही असतात. ‘द हूटर वेंट ऑफ’ म्हणजे भोंगा वाजला. ‘द रेड लाईट वेंट ऑफ’ म्हणजे लाल दिवा विझला. दिवा लागला म्हणायचं असेल तर ‘केम ऑन’. एकाच पेटीवर, हातभर अंतरावर, एकच क्रियापद दोन उलट गोष्टी सांगतं. सर्व्हिसच्या माणसाला फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर कळवताना नुसतं ‘अलार्म वेंट ऑफ’ लिहून सोडू नका. ‘भोंगा वाजला, लाल दिवा अजून लागलेला आहे’ हे इंग्रजीत ‘द हूटर साउंडेड, द रेड लाईट इज स्टिल ऑन’ असं सांगा, म्हणजे तो अंदाज करत बसणार नाही.

दुसरी जागा मोबाईलची. बॅटरी संपून फोन बंद झाला की आपल्याकडे सर्रास ‘माय फोन वेंट ऑफ’ म्हणतात. आपल्या आपल्यात ते समजतं. इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाने ऐकलं तर त्याला वाटेल फोन वाजला. ‘हिज फोन वेंट ऑफ इन द मीटिंग’ म्हणजे मीटिंग चालू असताना खणखणला, आणि सगळे त्याच्याकडे बघायला लागले. बॅटरी संपली असेल तर ‘माय फोन डाइड’ किंवा ‘माय बॅटरी रॅन आउट’.

यंत्रांच्या बाबतीतही थोडं जपून. तुमचा कंप्रेसर मध्येच थांबला तर ‘गो ऑफ’ म्हणाल ते कळेल, पण त्या कामातली माणसं बहुधा ‘स्टॉप्ड’, ‘ट्रिप्ड’ किंवा ‘कट आउट’ म्हणतात. बोटीचं इंजिन बंद पडलं तरी ‘द इंजिन कट आउट’. कंदील, मेणबत्ती, चूल, भट्टी ह्या विझतात तेव्हा ‘गो आउट’, तिथे ‘गो ऑफ’ चालत नाही. विजेच्या दिव्याला दोन्ही चालतात. ओहोटी लागते तेव्हाही ‘द टाईड गोज आउट’, आणि होड्या मासेमारीला निघतात तेही ‘गो आउट’.

आता सगळ्यात जास्त घोळ घालणारी गोष्ट. ‘द अलार्म इज ऑफ’ आणि ‘द अलार्म इज गोइंग ऑफ’. पहिल्याचा अर्थ अलार्म बंद आहे, कुणीतरी बंद करून ठेवलाय किंवा यंत्रणा चालू नाही. दुसऱ्याचा अर्थ अलार्म आत्ता ह्या क्षणी वाजतोय. मध्ये एक ‘गोइंग’ आहे आणि त्याने सगळं फिरतं. ‘इज ऑफ’ स्थिती सांगतं, ‘गो ऑफ’ घटना सांगतं. विजेच्या बाबतीत हा फरक फार टोचत नाही, कारण दोन्हीचा रोख एकाच दिशेला असतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्याला धडकलं. त्या दिवशी वीज गेली ती घटना, ‘द पॉवर वेंट ऑफ’. पुढे दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत ती बरेच दिवस आलीच नाही, ती स्थिती, ‘द पॉवर वॉज ऑफ फॉर डेज’. घटना संपली आणि स्थिती राहिली, दोघांचं जमतं. अलार्मच्या बाबतीत मात्र घटना आणि स्थिती एकमेकांच्या विरोधात उभ्या राहतात. इंग्रजी चांगलं येणारी माणसंसुद्धा इथे क्षणभर थबकतात, तेव्हा तुमच्या सहकाऱ्याला बोल लावू नका.

ह्याच कुटुंबातली आणखी दोन क्रियापदं सोबत घेतली की चित्र पूर्ण होतं. ‘सेट ऑफ’, ‘गो ऑफ’ आणि ‘टर्न ऑफ’. कोणीतरी किंवा कशानेतरी अलार्म वाजायला लावला, ते ‘सेट ऑफ’. अलार्म वाजला, ते ‘गो ऑफ’. मग कोणीतरी जाऊन तो थांबवला, ते ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’. तुमच्या रात्रपाळीच्या रजिस्टरमधली नोंद अशी होईल: ‘अ स्मॉल लीक सेट ऑफ द अलार्म. इट वेंट ऑफ ॲट टू टेन. वी लेफ्ट द रूम. द इंजिनिअर फिक्स्ड द लीक अँड टर्न्ड द अलार्म ऑफ.’ तीनदा ‘ऑफ’, तीन वेगळी कामं.

‘गो ऑफ’ला कर्म नसतं. ‘हू वेंट ऑफ द अलार्म?’ हे वाक्य होऊ शकत नाही. कोणी वाजवला हे विचारायचं तर ‘हू सेट ऑफ द अलार्म?’ तसंच ‘द अलार्म वॉज गॉन ऑफ’ हेही नाही. ‘वेंट ऑफ’ किंवा ‘हॅज गॉन ऑफ’. ‘सेट ऑफ’मध्ये कर्म मध्ये बसू शकतं, ‘सेट द अलार्म ऑफ’, आणि ‘इट’ असेल तर मध्येच बसवावं लागतं: ‘द स्मोक सेट इट ऑफ’. ‘सेट ऑफ इट’ म्हटलं की ऐकणाऱ्याला खडा लागल्यासारखं होतं. बोलताना जोर ‘गो’वर द्यायचा नाही, ‘ऑफ’वर द्यायचा. आपली मुलं ‘वेंट’वर जोर देतात आणि ‘ऑफ’ गिळतात. वायरलेसवर किंवा इंजिनाच्या आवाजात तो गिळलेला ‘ऑफ’ कुणाला ऐकू येत नाही आणि नुसतं ‘अलार्म वेंट’ उरतं.

तिसऱ्या वाक्याकडे वळतो, कारण ते मासळीचं आहे आणि तुमचं रोजचं काम तेच. ‘फिश दॅट हॅज गॉन ऑफ’मध्ये सुटून गेलाय तो माशाचा ताजेपणा, त्याचं खाण्याजोगं असणं. मराठी इथे इंग्रजीपेक्षा कितीतरी बारकाईने बोलते. दूध नासतं, भात आंबतो, कालवण विटतं, फळ सडतं, तेल-तूप खवट होतं. इंग्रजीत दूध, मलई, मांस, मासे, शिजवलेलं अन्न ह्या सगळ्यांना एकच ‘गॉन ऑफ’ पुरतं. पण सगळीकडे नाही. पाव शिळा झाला तर ‘स्टेल’, बुरशी आली तर ‘मोल्डी’, तेल-तूप खवट झालं तर ‘रॅन्सिड’. मराठीत आणताना समोरचा पदार्थ बघून आपलं क्रियापद निवडा. ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’चं ‘दूध खराब झालं’ हे चालेल, पण आपल्या घरात दूध नासतं.

हा अर्थ ब्रिटिश वळणाचा आहे. अमेरिकन माणूस ‘गॉन बॅड’ किंवा ‘स्पॉइल्ड’ म्हणेल. तुमच्या पुस्तिकेत ‘गॉन ऑफ’ आहे म्हणजे ती बहुधा ब्रिटिश वळणाचं इंग्रजी लिहिणाऱ्याने लिहिली आहे. निर्यातीच्या कागदांत हा शब्द अपेक्षित धरू नका. अमेरिकेचं अन्न व औषध खातं मासळीच्या संदर्भात ‘डीकंपोझिशन’ असा शब्द वापरतं, तोच खरेदीदाराच्या पत्रात आणि तपासणीच्या अहवालात येतो. बोलीतला ‘गॉन ऑफ’ नाकाने ठरवायचा शब्द आहे, कागदावरचा ‘डीकंपोझिशन’ तपासणीतून ठरतो.

ह्याचा परिणाम तुमच्या भाषांतरावर होतो. तिसऱ्या वाक्याचं मराठी ‘वास मारणारी मासळी टाकून द्या’ असं करायचा मोह होईल, कारण धक्क्यावर तसंच बोलतात. तसं करू नका. बांगडा, कुपा ह्यांसारखा मासा पकडल्यावर वेळेत बर्फात गेला नाही तर त्यात हिस्टामीन तयार होतं. ते शिजवून जात नाही, गोठवूनही जात नाही, आणि माशाला वास येईलच असं नाही. असा मासा खाल्ला की अंगावर लाली येते, डोकं दुखतं, उलट्या-जुलाब होतात. ‘वास मारणारी’ लिहिलंत की अर्थ आखूड होतो आणि वास न येणारा खराब मासा वाक्यातून निसटतो. ‘खराब झालेली’ लिहा, त्यात दोन्ही येतात.

‘ऑफ’चीच आणखी एक जागा सांगतो, ती कारखान्यात नाही लागणार, पण किनाऱ्यावर घरगुती जेवण आणि होमस्टे चालवणाऱ्यांना नक्की लागेल. ब्रिटिश खानावळीत ‘द फिश इज ऑफ’ म्हणजे मासा नासलाय असा अर्थ होतो, आणि आज मासा संपला, मिळणार नाही, असाही होतो. पाहुण्याने ‘इज द सुरमई ऑफ टुडे?’ विचारलं तर रागावण्याआधी त्याच्या चेहऱ्याकडे बघा. ताटात वाढल्यावर विचारलं तर तक्रार आहे, ताट यायच्या आधी फळ्याकडे बघत विचारलं तर चौकशी. आपण सांगताना मात्र ह्या शब्दाच्या वाटेला जाऊच नये. ‘वी डोन्ट हॅव सुरमई टुडे’ म्हणावं आणि बांगडा आहे का नाही ते पुढे सांगावं.

माणसाचं मनही ‘गो ऑफ’ होतं, आणि इथे मराठी अगदी शेजारी येऊन बसते. ‘आय हॅव गॉन ऑफ फिश’ म्हणजे मला आता मासे नकोसे झालेत, माशांवरून मन उडालं. पहिल्या महिन्यांतल्या गरोदर बाईला चहाचा वास नको होतो, ‘शी हॅज गॉन ऑफ टी’. एखाद्या माणसाबद्दलही म्हणतात, ‘आय हॅव गॉन ऑफ हिम’, आता तो पूर्वीसारखा आवडत नाही. हाही वापर ब्रिटिशच. रचनेत एक फरक आहे. इथे ‘ऑफ’च्या पुढे नाम लागतं आणि ते हलत नाही. ‘गॉन फिश ऑफ’ होत नाही, आणि ‘इट’ आलं तरी ‘गॉन ऑफ इट’ असंच राहतं. ‘द फिश हॅज गॉन ऑफ’ आणि ‘आय हॅव गॉन ऑफ फिश’ शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. पहिल्यात मासा नासला, दुसऱ्यात माझं मन उतरलं. कर्ता कोण हे बघितलं की घोटाळा होत नाही.

बाकीचे अर्थ भराभर सांगतो, कारण ते अंगाला लागत नाहीत. माणूस निघून गेला तर ‘हि वेंट ऑफ टू मुंबई’. गणपती झाले की चाकरमानी असेच ‘गो ऑफ’ होतात. कुणी काही घेऊन गेला, बहुतेक न विचारता, तर ‘समबडी वेंट ऑफ विथ माय अम्ब्रेला’. कार्यक्रम कसा झाला हे सांगायला ‘द फंक्शन वेंट ऑफ वेल’, हे आपल्याकडे फार वापरलं जातं आणि ते बरोबर आहे. कुणावर भडकणं म्हणजे ब्रिटिश बोलीत ‘गो ऑफ ॲट’, अमेरिकन बोलीत ‘गो ऑफ ऑन’. बोलता बोलता विषय सोडून भरकटणं म्हणजे ‘गो ऑफ ऑन अ टँजंट’. अमेरिकेतली तरुण पोरं आताशा ‘गो ऑफ!’ असं कौतुकाने ओरडतात, नाचणाऱ्याला किंवा गाणाऱ्याला ‘वा, होऊन जाऊ दे’ म्हणावं तसं. ते आपण वापरायची गरज नाही, ऐकलं तर गोंधळू नये इतकंच.

एक अर्थ मात्र शब्दकोशात शोधायला गेलात तर चटकन सापडणार नाही, आणि तो कोकणात कामाचा आहे. फायबरच्या होड्या बांधणारे आणि दुरुस्त करणारे आता प्रत्येक मोठ्या बंदरात आहेत. रेझिनच्या, म्हणजे फायबरचे थर जोडून घट्ट करणाऱ्या पातळ रसायनाच्या, डब्यावर किंवा ब्रिटिश माहितीपत्रकात वाक्य येतं, ‘अप्लाय द मॅट बिफोर द रेझिन गोज ऑफ’. ह्यात खराब होणंही नाही आणि वाजणंही नाही. रेझिन ‘गो ऑफ’ होतं म्हणजे सेट होतं, पातळपणा सुटून ते घट्ट धरतं. गवंडीही सिमेंटच्या मालाबद्दल असंच बोलतात, ‘द मॉर्टर हॅज गॉन ऑफ’, माल आवळला, आता त्यावर थापी चालणार नाही. रेझिनमध्ये हार्डनर टाकल्यापासून ही वेळ मोजायची असते आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती थंड देशातल्या माहितीपत्रकात लिहिलेल्या वेळेपेक्षा बरीच कमी भरते. ‘गोज ऑफ’चा अर्थ ‘खराब होण्याआधी’ असा घेतला तर माणूस डब्यावरची तारीख बघत बसेल आणि हातातलं भांडं दगड होईल.

जहाजावर जाणाऱ्या मुलांना मी ह्याबाबतीत एकच सांगतो: ‘गो ऑफ’ ऐकून समजलं पाहिजे, पण रेडिओवर स्वतः वापरायचं नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये जहाजांवरच्या संभाषणासाठी ठरावीक वाक्यांचा संच स्वीकारला. त्यामागचा विचारच असा की वेगवेगळ्या देशांचे खलाशी एकमेकांशी बोलताना शब्दाचा एकच अर्थ निघावा. ‘मे’, ‘शुड’, ‘कुड’ असले रोजचे शब्दसुद्धा त्यात धोक्याचे धरलेत. फिलिपिनो बोसन, युक्रेनियन इंजिनिअर आणि देवगडचा कॅडेट ह्यांच्या मध्ये ‘गो ऑफ’सारखा दुतोंडी शब्द नसलेलाच बरा. कोल्ड स्टोरेजही त्या बाबतीत जहाजापेक्षा वेगळं नाही.

म्हणून तुमच्या भिंतीवरच्या पाटीसाठी माझं सांगणं. मूळ इंग्रजी वाक्यही लावायचं असेल तर ‘गोज ऑफ’ बदलून ‘इफ द अमोनिया अलार्म साउंड्स’ करा आणि दुसऱ्यात ‘इफ द पॉवर फेल्स’. मराठीत ‘अमोनियाचा भोंगा वाजला की काम तिथेच टाका आणि बाहेर पडा’ इतकं सरळ लिहा. ‘कार्यान्वित झाल्यास’ वगैरे नको, तो शब्द वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस दारापर्यंत पोचतो. विजेच्या वाक्यात ‘दारं बंद’च्या पुढचा ‘च’ सोडू नका: ‘लाईट गेली तर कोल्ड रूमची दारं बंदच ठेवा’. गोठवलेला माल उणे 18 अंशांवर किंवा त्याखाली ठेवायचा असतो, आणि लाईट गेल्यावर आत काय झालंय हे बघायला दार उघडण्याची पहिली ओढ प्रत्येकाला होते.

तुमच्याकडे नेपाळी आणि उत्तरेकडची मुलं कामाला असतील तर खाली हिंदीतही लिहा, ‘भोंपू बजते ही बाहर निकलो’. आणि एक चौथी ओळ पुस्तिकेत नसेल तरी मालकाला आणि यंत्रणा बसवणाऱ्याला विचारून घाला. सहकाऱ्याच्या भाषांतरात जे आलं होतं, अलार्म बंद पडला तर काय, ह्याचं उत्तर त्या पानावर कुठेच नाही. गळती ओळखणारी यंत्रणाच मेली असेल तर भोंगा वाजणारच नाही. तेव्हा कुणाला कळवायचं, तो दुरुस्त होईपर्यंत आत जायचं की नाही, आणि पॅनलवरचा कोणता दिवा बघून हे ओळखायचं, एवढं त्या ओळीत आलं पाहिजे. इंग्रजीत ते ‘इफ द अलार्म इज नॉट वर्किंग’ असं लिहा.